स्वभावाला औषध आहे काय?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने घरात कधी ना कधी ऐकलेली असते. आजोबांचा तापटपणा, मामांची घाई, एखाद्या काकूंचा संशयी स्वभाव यांची चर्चा याच वाक्याने संपते. मानसशास्त्राच्या वर्गात व्यक्तिमत्त्वाचे प्रकरण शिकविताना मीही अनेक वर्षे या म्हणीवर एक विनोद करीत असे. २००९ साली जून महिन्यात सिल्व्हासाच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात वहिनींनी मला तीच म्हण ऐकवली, आणि त्यानंतर तो विनोद मी पुन्हा केला नाही.

माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दादरा-नगर हवेलीत सूत तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते उत्पादन व्यवस्थापक होते. रात्रपाळीत एक यंत्र बंद पडले म्हणून पहाटे तीनला कारखान्यात गेले, तिथे एका जॉबरवर भडकले, आणि घरी परत येताना त्यांच्या छातीत कळ आली. मी रात्रीची गाडी पकडून वापी स्टेशनवर उतरलो आणि तिथून रिक्षाने पंधराएक किलोमीटर सिल्व्हासा गाठले. दादा अतिदक्षता विभागात होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, किती वेळा सांगितलं, एवढं चिडू नका म्हणून. पण स्वभावाला औषध नसतं हो."

मी मानसशास्त्राचा प्राध्यापक. वहिनींच्या या वाक्याला शास्त्राचा आधार आहे, असे मला वाटले आणि मी तसे त्यांना सांगितलेही. त्या सांगण्यात माझी जी चूक झाली, तिच्यामुळेच हा लेख लिहावा लागत आहे. आरंभी मी वर्गात जे शिकवीत असे ते सांगतो, आणि मग त्यात काय राहून गेले होते ते सांगतो.

एक खुर्ची आणि दोन डॉक्टर

राग आणि हृदय यांचा संबंध जुन्या लोकांनाही ठाऊक होता. चरकसंहितेत कोणते वेग रोखू नयेत हे सांगितल्यावर कोणते वेग रोखावेत तेही सांगितले आहे, आणि त्यांत लोभ, शोक, भय, क्रोध यांचा समावेश आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे थोर शल्यविशारद होते. त्यांना हृदयशूळाचा विकार होता. आपल्याला चिडविणाऱ्या कोणाही उपटसुंभाच्या हाती आपले प्राण आहेत, अशा अर्थाचे ते बोलत. १७९३ साली रुग्णालयाच्या एका बैठकीत वादावादी झाली आणि त्याच वेळी ते कोसळून मरण पावले.

परंतु या समजुतीला मोजमापाचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. सॅन फ्रान्सिस्को येथील मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्यांना नवे कापड लावण्यासाठी एक कारागीर आला. खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजलेल्या पाहून त्याला नवल वाटले. रोगी खुर्चीत टेकून न बसता कडेवर, जणू उठण्याच्या तयारीत बसत होते. त्या वेळी डॉक्टरांनी या शेऱ्याकडे लक्ष दिले नाही. काही वर्षांनंतर त्याचा अर्थ उमगला, ही हकीकत फ्रीडमन स्वतः सांगत.

१९५९ साली या दोघांनी आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. सतत घाई, चढाओढ, यशाची हाव, वेळेशी झुंज आणि सहज भडकणारा राग या लक्षणांच्या समूहाला त्यांनी 'अ-प्रकारचे वर्तन' म्हटले. ज्यांच्यात ही लक्षणे नाहीत, जे निवांतपणे काम करतात, त्यांचे वर्तन 'ब-प्रकारचे'. त्या पहिल्या पाहणीत अ-प्रकारच्या पुरुषांत हृदयविकार सातपट आढळला. मात्र माणसे निवडूनच घेतली होती, त्यामुळे हा आकडा पुरेसा विश्वसनीय नव्हता.

म्हणून १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील दहा कंपन्यांतील ३,१५४ पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. हे सर्व ३९ ते ५९ वर्षांचे आणि हृदयविकार नसलेले होते. प्रत्येकाची मुलाखत घेण्यात आली. या मुलाखतीची एक गंमत अशी की उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत महत्त्वाची मानली जाई. मुलाखत घेणारा मुद्दाम रेंगाळत प्रश्न विचारी. समोरचा माणूस प्रश्न संपण्याआधीच उत्तर देतो काय, टेबलावर बोटे वाजवतो काय, हे पाहिले जाई. साडेआठ वर्षांत २५७ जणांना हृदयविकार झाला. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा करूनही अ-प्रकारच्या माणसांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. १९८१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने अ-प्रकारच्या वर्तनाला धोक्याचा एक घटक म्हणून मान्यता दिली. आमच्या पाठ्यपुस्तकात ही कथा इथे संपत होती, आणि मीही ती इथेच संपवीत असे.

शरीरात काय घडते?

मनातल्या रागाने छातीतली नळी कशी बंद पडेल, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. तो रास्तही आहे.

संकट समोर दिसले की मेंदू अनुकंपी मज्जासंस्थेला चाळवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृत साखर मोकळी करते आणि रक्तातील बिंबाणू अधिक चिकट होतात. वाघापासून पळायचे असेल किंवा जखमेतले रक्त लवकर गोठायला हवे असेल, तर ही व्यवस्था उत्तमच. परंतु बंद पडलेले यंत्र, उशिरा येणारा ट्रक आणि फोनवरचे मालक या वाघांपासून पळता येत नाही. शरीराने केलेली तयारी वाया जाते, आणि ती दिवसातून दहा वेळा वाया गेली की रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊ लागते. तिथे मेदाचे थर साचतात. असा एखादा थर रागाच्या उसळीत फुटला तर त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो.

१९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झटका आलेल्या १,६२३ रुग्णांना आदल्या काही तासांची हकीकत विचारली होती. रागाचा स्फोट झाल्यानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका दुपटीहून थोडा अधिक होतो, असे त्यातून दिसले. दादांची ती पहाट या वर्णनात चपखल बसते. येथवर वहिनी बरोबर होत्या.

माझी चूक

दादा बरे झाले. मी महिनाभर सिल्व्हासात राहिलो. संध्याकाळी आम्ही दमणगंगेच्या काठी हळूहळू फिरत असू. दादांनी विचारले, "अरे, तू एवढं शिकवतोस, मला हे कशामुळे झालं ते तरी सांग." मी मोठ्या उत्साहाने फ्रीडमन आणि रोझेनमन समजावून सांगितले. "दादा, तू शंभर टक्के अ-प्रकारचा आहेस. स्वभाव बदल, सगळं ठीक होईल."

दादा दिवसाला पंधरा-वीस सिगारेटी ओढत. झटक्यानंतर डॉक्टरांच्या धाकाने त्यांनी त्या सोडल्या होत्या. सहा महिन्यांनी पुन्हा सुरू केल्या. वहिनींनी हटकले तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "प्रोफेसरसाहेबांनीच सांगितलंय, माझं दुखणं टेन्शनचं आहे. आणि सिगारेटनं टेन्शन कमी होतं." २०१२ साली त्यांना दुसरा झटका आला. त्या वेळीही ते वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला.

मी पुस्तके पुन्हा काढली. माझ्या टिपणांत जे नव्हते ते वाचू लागलो.

सिद्धान्ताला तडे

१९८५ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रतिबंधक अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीन हजारांवर पुरुषांची तशीच मुलाखत घेऊन सुमारे सात वर्षे पाठपुरावा केला होता. अ आणि ब या प्रकारांत हृदयविकाराच्या बाबतीत फरक आढळला नाही. १९८८ मध्ये तर मूळच्या कॅलिफोर्निया अभ्यासातील ज्या २५७ जणांना विकार जडला होता त्यांचेच पुढे काय झाले, हे तपासण्यात आले. पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांमध्ये अ-प्रकारची माणसे ब-प्रकारच्या माणसांपेक्षा कमी दराने मरण पावली होती!

यातून संशोधकांनी अ-प्रकाराची फोड करून पाहिली. घाई, महत्त्वाकांक्षा, कामाची आवड हे घटक बरेचसे निरुपद्रवी ठरले. उपद्रवी निघाला तो वैरभाव: लोक लबाड आहेत, माझ्या वाटेत मुद्दाम आडवे येतात, अशी कायमची धारणा आणि तिच्यातून येणारा राग. २००९ साली अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. निरोगी माणसांत राग आणि वैरभाव यांमुळे हृदयविकाराचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष निघाला. हा धोका खरा आहे, पण बेताचा आहे.

त्याच्या शेजारी आता दुसरा आकडा ठेवून पाहा. २००४ साली ५२ देशांतील सुमारे तीस हजार लोकांचा 'इंटरहार्ट' अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांना झटक्याचा धोका न करणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. तंबाखू चघळणाऱ्यांनाही तो दुपटीहून अधिक होता, ही गोष्ट गुटखा आणि मावा खाणाऱ्या आपल्या मित्रांनी विशेष ध्यानात ठेवावी. मानसिक ताण हाही त्या अभ्यासातील नऊ प्रमुख घटकांपैकी एक होता, परंतु नऊपैकी एक. याच अभ्यासातून असेही दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो.

२०१२ सालीच आणखी एक गोष्ट प्रकाशात आली. अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली होती. ती तपासून ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की अ-प्रकाराच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी, विशेषतः फिलिप मॉरिसने, अनेक वर्षे पैसा पुरविला होता. हेतू उघड होता. हृदयविकाराचा दोष स्वभावावर गेला, की सिगारेट सुटते. माझ्या दादांनी वहिनींना दिलेले उत्तर हे त्या कंपन्यांना हवे असलेलेच उत्तर होते, आणि ते मी त्यांच्या हाती दिले होते.

साहेब आणि कामगार

सिल्व्हासाविषयी दोन शब्द येथे आवश्यक आहेत. हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा मुक्त झाले. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कार्यकर्ते होते, हे आपणांस ठाऊक असेलच. १९६१ साली हा प्रदेश भारतात विधिवत समाविष्ट झाला, आणि २०२० पासून तो दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींच्या या भूमीत करसवलतींमुळे कारखाने आले. मसाट, रखोली, पिपरिया, नरोली या गावांभोवती शेड उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती, आणि तिच्यात बाहेरून कामासाठी आलेल्यांचा वाटा मोठा होता.

या गावात राहताना मला आणखी एक प्रश्न पडला. हृदयविकार हा 'साहेबांचा रोग' असे आपण समजतो. अ-प्रकाराचा सिद्धान्तही मुख्यतः मध्यमवर्गीय, गोऱ्या, नोकरदार पुरुषांवर उभारलेला होता. मग रात्रपाळीत यंत्रापुढे उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचे काय?

लंडनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासाने याचे उत्तर दिले. सतरा हजारांहून अधिक सरकारी नोकरांत, सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होता. धूम्रपान वगैरेंचा हिशेब करूनही सगळा फरक मिटला नाही. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी एक विचार मांडला: कामाची मागणी खूप आणि त्यावर स्वतःचा ताबा नाही, असे काम सर्वांत जाचक. दादांना निदान यंत्र थांबविण्याचा अधिकार तरी होता. ज्या जॉबरवर ते त्या पहाटे भडकले, त्याला तोही नव्हता आणि उलट बोलण्याची सोयही नव्हती. ही गोष्ट दादांनीच मला पुढे एकदा बोलून दाखविली. "माझा राग तरी बाहेर पडला रे. त्यानं तो कुठं टाकला असेल?"

राग गिळणाऱ्यांविषयी बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी अभ्यास केला. सतत खिन्न राहणारा आणि ती खिन्नता लोकांपासून लपविणारा जो 'ड-प्रकार' त्यांनी वर्णिला, त्यातील हृदयरुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांच्या १९९६ च्या निबंधात आढळले. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी याला सारखीच साथ दिली नाही. त्यामुळे हाही अंतिम शब्द मानू नये.

मग स्वभावाला औषध आहे काय?

माझ्या मते म्हणीतच एक घोटाळा आहे. व्यक्तिमत्त्व ही एक गोष्ट आणि वर्तन ही दुसरी. स्वभावाचा पिंड बदलत नसेल, पण वर्तन शिकता येते आणि विसरताही येते. फ्रीडमन यांनीही शब्द वापरला होता तो वर्तनाचाच, आणि त्यांच्या कार्याची ही बाजू मी विसरू इच्छीत नाही. १९८६ साली त्यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष दिले. झटका येऊन गेलेल्या ८६२ जणांपैकी काहींना नेहमीचा वैद्यकीय सल्ला गटात दिला, तर इतरांना त्यासोबत घाई आणि राग आवरण्याचे शिक्षणही दिले. साडेचार वर्षांत पहिल्या गटात २१.२ टक्क्यांना, तर दुसऱ्यात १२.९ टक्क्यांना पुन्हा झटका आला. त्या शिक्षणातील पाठ अगदी साधे होते: मुद्दाम लांब रांगेत उभे राहा, दुसऱ्याचे वाक्य तोडू नका, गाडी हळू चालणाऱ्या रांगेतून न्या.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण हवे असेल तर ते गडचिरोलीत आहे. आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. अभय बंग यांना पंचेचाळिशी गाठण्याआधीच हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी स्वतःकडेच रुग्ण म्हणून पाहिले. सेवाभावी डॉक्टरही धावपळीत स्वतःच्या शरीराकडे किती दुर्लक्ष करू शकतो, हे त्यांनी प्रांजळपणे मांडले. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांच्या पद्धतीचा आधार घेऊन त्यांनी आहार, चालणे, योगासने आणि ध्यान यांची सवय लावून घेतली. यात आहार आणि मन या दोहोंचा विचार एकत्र होता, हे लक्षात घ्यावे. मी दादांना अर्धाच विचार दिला होता.

विद्यार्थिमित्रहो, आता तुम्ही स्वतःला काही प्रश्न विचारा. समोरच्याचे वाक्य तुम्ही मध्येच पूर्ण करता काय? जेवताना वाचता काय? बस पाच मिनिटे उशिरा आली तर सारे जग आपल्याविरुद्ध आहे असे वाटते काय? मित्राला जास्त गुण मिळाले तर त्याने लबाडी केली असेल, असा विचार प्रथम येतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तर फारशी काळजी नको. शेवटच्या दोन प्रश्नांवर मात्र थांबून विचार करा. आणि त्यानंतर रक्तदाब तपासा, घरात मधुमेह असेल तर साखर तपासा, आणि तंबाखू कोणत्याही रूपात जवळ करू नका. हा क्रम उलटा लावला तरी चालेल. किंबहुना तोच बरा.

आमचे कन्नड विभागातील एक सहकारी हा लेख वाचून म्हणाले, की रागाच्या भरात कापलेले नाक राग शमल्यावर परत येत नाही, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. दादांच्या हृदयाचा निकामी झालेला भागही परत आला नाही. २०१२ च्या त्या झटक्यानंतर मी त्यांच्यापाशी बसून माझी चूक कबूल केली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, सिगारेट मी ओढली, तू नाही. पण यापुढं मुलांना शिकवशील तेव्हा सगळं सांग."

त्या दिवसापासून त्यांनी सिगारेटला हात लावलेला नाही. आता ते निवृत्त झाले आहेत आणि सिल्व्हासातच राहतात. रोज सकाळी नदीकाठी फिरायला जातात. वहिनी सांगतात, बँकेत गेले की हे मुद्दाम लांब रांगेत उभे राहतात आणि पुढच्या माणसाशी गप्पा मारतात. राग अजूनही येतो, पण आल्यावर ते पाणी पितात आणि ओसरीवर जाऊन बसतात. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी सगळे सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे.